अमेरिकेचा दिवाणखाना

दिवाळीच्या फराळाला घरातली सारी माणसे एका खोलीत जमतात, आणि जमली की वाद घालतात. चकली कोणाची खुसखुशीत झाली येथपासून देश कोणी बुडवला येथपर्यंत कोणताही विषय त्यांना वर्ज्य नसतो. हे वाद ऐकताना मला दर वर्षी अमेरिकेची आठवण होते. वाचकांना हे विचित्र वाटेल. पण मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आहे, आणि इतिहासाच्या मास्तराला फराळाच्या ताटातही राज्ये उठताना नि बसताना दिसतात!

माझे थोरले बंधू न्यू जर्सीत स्थायिक झालेले. त्यांच्याकडे मी १९९५ साली गेलो आणि पुन्हा १९९८ साली गेलो. मधे अंतर अवघ्या तीन वर्षांचे. परंतु तेवढ्यात दादांच्या दिवाणखान्याचे जे झाले, तेच त्या दशकात साऱ्या अमेरिकेचे झाले, असे मला आता वाटते.

दशकाचा आरंभच मुळी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर झाला. १९९१ च्या जानेवारीत बगदादवर बाँब पडू लागले, ते अमेरिकन माणसाने घरबसल्या, पडत असतानाच पाहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले. ज्याच्याकडे बोट दाखवून दोन्ही पक्ष एका सुरात बोलत, तो शत्रूच नाहीसा झाला. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाचे उमेदवार बिल क्लिंटन काळा चष्मा लावून, एका करमणुकीच्या कार्यक्रमात सॅक्सोफोन वाजवताना दिसले. पुढारी आणि नट यांच्यामधली जुनी भिंत त्या संध्याकाळी बरीच खचली.

मात्र याच पडद्याने एक कटू सत्यही दाखवले. १९९१ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारले; शेजारच्या एका गृहस्थाने ते आपल्या हातकॅमेऱ्याने टिपले आणि साऱ्या देशाने पाहिले. तरीही १९९२ च्या एप्रिलमध्ये पोलीस जवळजवळ सर्व आरोपांतून सुटले. शहरात दंगल पेटली, पन्नासहून अधिक माणसे मेली. दिवाणखाना एकच होता खरा. पण त्यात सर्वांना सारखे आसन कधीच नव्हते.

हे ध्यानात घेतले म्हणजे पुढची गोष्ट समजते. १९९४ च्या १७ जूनला फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन पांढऱ्या मोटारीतून चालला होता आणि पोलिसांच्या गाड्या त्याच्या मागे होत्या. घटस्फोटित पत्नीच्या खुनाचा त्याच्यावर आरोप होता. सुमारे साडेनऊ कोटी अमेरिकनांनी तो पाठलाग पाहिला. खटल्याचा निकाल लागला १९९५ च्या ३ ऑक्टोबरला. मी तेव्हा तेथेच होतो. दादा दुपारी कचेरीतून घरी आले, पुतण्याने कॉलेज बुडवले, वहिनी हातातले काम टाकून बाहेर आल्या. “निर्दोष” हा शब्द उच्चारला गेला मात्र, आणि बापलेकांत जी जुंपली! दादा म्हणत होते, हा न्यायाचा खून आहे. पुतण्या म्हणत होता, किंगचे हाल पाहिल्यावर पंचांनी पोलिसांवर विश्वास ठेवायचा तरी कसा? भांडण रात्रीच्या जेवणापर्यंत चालले. परंतु दोघांनी एकच निकाल, एकाच क्षणी, एकाच कोचावर बसून ऐकला होता.

१९९८ साली गेलो तेव्हा तो कोच रिकामा होता.

मधल्या काळात काय घडले ते थोडक्यात सांगतो. १९९४ च्या निवडणुकीत न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकले आणि प्रतिपक्षाला शत्रू मानण्याची रीत रुळली. वादग्रस्त प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडाव्यात, हा केंद्रांवरचा जुना दंडक १९८७ मध्येच उठला होता. आता १९९६ च्या ऑक्टोबरात रूपर्ट मर्डोक यांची फॉक्स न्यूज ही वाहिनी सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘अमेरिका ऑनलाइन’ने महिना वीस डॉलरांच्या आत हवे तितके इंटरनेट देऊ केले. ज्याला जे रुचेल ते ताट त्याच्यापुढे येऊ लागले.

दादांच्या घरी पुतण्याच्या खोलीत संगणक आला होता. तो इंटरनेटवर बसला की टेलिफोन बंद पडे आणि वहिनी खालून हाका मारीत. ११ सप्टेंबरला क्लिंटन यांच्या प्रकरणावरचा केनेथ स्टार यांचा अहवाल इंटरनेटवर खुला झाला. पुतण्या तो वर आपल्या खोलीत वाचीत होता, दादा खाली आपल्या आवडत्या वाहिनीवर त्याची चर्चा ऐकत होते आणि वहिनी स्वयंपाकघरातल्या लहान संचावर तिसरेच काही पाहत होत्या. भांडण नव्हते. घरात शांतता होती, पण ती मला बरी वाटली नाही.

डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने क्लिंटन यांच्यावर महाभियोग भरला, आणि त्याच सुमारास गॅलपच्या पाहणीत ७३ टक्के लोक त्यांच्या कारभारावर खूष होते! संसदेचा आणि जनतेचा सूर इतका वेगळा लागण्याचे एक कारण भरल्या पोटात होते: एकोणतीस वर्षांनी त्या साली सरकारी अंदाजपत्रकात शिल्लक पडली होती. जुन्या संगणकांना २००० साल कळणार नाही या धास्तीने पुण्यामुंबईचे कितीतरी मराठी अभियंते याच सुबत्तेच्या काळात तिकडे गेले. संकट टळले, मुले मात्र तिकडेच राहिली.

भरल्या पोटी फूट दिसत नाही. ती दिसली २००० च्या नोव्हेंबरात. फ्लॉरिडातल्या अवघ्या ५३७ मतांनी अध्यक्ष ठरला, आणि तोही सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर. देश बरोबर मधोमध दुभंगला होता, आणि प्रत्येक अर्ध्याला वाटत होते की दुसरा अर्धा नाहीच!

यंत्राने माणसे तोडली असे मी म्हणणार नाही. एका कॅमेऱ्याने किंगचे दुःख देशापुढे आणले, हेही यंत्राचेच काम. परंतु भांडायलासुद्धा एक खोली लागते. समोरच्याचे तोंड दिसत असले म्हणजे शब्द जरा आवरून निघतो, आणि रागावलेल्या माणसालाही जेवायला बोलवावे लागते.

दादा आता नाहीत. गेल्या दिवाळीला पुतण्याचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, “काका, त्या निकालाच्या दिवशी बाबांशी जसं भांडलो ना, तसं पुन्हा कधी भांडलोच नाही. नंतर आम्ही एकमेकांना नुसतं ‘बरं आहे ना?’ एवढंच विचारत राहिलो.”

मी फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत नातवंडांचा चकलीवरून वाद चालला होता. मी आपली खुर्ची उचलली आणि त्यांच्यात जाऊन बसलो.