स्नेह, साचा आणि भ्रांती

नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी अंगाला तेल लागते आणि मग जिभेला फराळ. त्वचा आणि रसना यांचा हा शेजार मराठी घराच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागचे नाते वेगळे काढून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. अलीकडे हौसेने घरी केल्या जाणाऱ्या एका वस्तूमुळे मात्र ते पाहणे भाग पडते. कोकोबटर, मधमाश्यांचे मेण आणि बदामाचे तेल एकत्र वितळवून साच्यात ओतायचे. निवल्यावर साच्यातून निघतो तो हुबेहूब पेढा, मोदक किंवा चॉकलेटची वडी. ही वडी खायची नसते. कोरड्या पडलेल्या हातापायांवर ती चोळायची असते. बाटलीतल्या पातळ मॉइश्चरायझरचे हे घट्ट, मिठाईच्या रूपातले भावंड.

ही केवळ एक हौस आहे, असे म्हणून तिला बाजूला सारता येईल. पण इतिहासात थोडे मागे गेले की वेगळेच चित्र दिसू लागते. खाऊ आणि लेप यांची फारकत ही तुलनेने अलीकडची घटना आहे. त्यांचे साम्य फार जुने आहे. मात्र ते जुने साम्य द्रव्याचे होते, आजचे साम्य रूपाचे आहे. या दोन साम्यांत जो फरक आहे तो अलंकारशास्त्र शिकलेल्या-शिकवणाऱ्या वाचकाला अनोळखी वाटू नये.

प्रारंभ शब्दापासूनच करू. ‘स्नेह’ म्हणजे तेल-तूप आणि ‘स्नेह’ म्हणजे माया, हा श्लेष आपल्या परिचयाचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात घृत, तैल, वसा आणि मज्जा असे चार मुख्य स्नेह सांगितले आहेत आणि त्यांचा उपयोग पोटात घेण्यासाठीही आहे, अंगाला चोळण्यासाठीही आहे. म्हणजे द्रव्याचे वर्गीकरण करताना ते जिभेचे की कातडीचे, हा प्रश्न तेथे पहिला नाही. मेणाला संस्कृतात ‘मधूच्छिष्ट’ म्हणतात: मधाचे उष्टे, मध काढून घेतल्यावर मागे राहिलेले. गोड ते जिभेला आणि उरलेले ते त्वचेला, अशी वाटणीच जणू या एका शब्दात झाली आहे. ‘सिक्थतैल’ नावाचा मेण आणि तेल यांचा आयुर्वेदीय योग म्हणजे आजच्या घरगुती वडीचा अगदी जवळचा पूर्वज होय.

याहून बोलके उदाहरण ‘शतधौत घृता’चे. साजूक तूप पाण्याने पुन्हा पुन्हा, नावाप्रमाणे शंभर वेळा, घोटून धुतले की त्याचा पिवळा रंग जातो, रवा मोडतो, वास उरत नाही आणि हाती येते ते लोण्यासारखे पांढरेशुभ्र, मऊ मलम. भाजल्यावर, त्वचेची आग होत असताना ते लावतात. ते बाह्योपचाराचे द्रव्य आहे. ताटातले तूप केवळ पाणी आणि हाताचे श्रम यांच्या योगाने ताटाबाहेर जाते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की जे ताटाबाहेर गेले ते अजूनही खाण्याजोगेच दिसते. रूप एकीकडे, उपयोग दुसरीकडे, हा पेच काही साच्यांनी जन्माला घातलेला नाही.

युरोपातही कथा फारशी निराळी नाही. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याच्या नावावर सांगितला जाणारा लेप म्हणजे मेण, गुलाबाने सुवासिक केलेले तेल आणि पाणी यांचे मिश्रण. त्यातले पाणी उडून जाताना त्वचेला थंडावा मिळतो म्हणून तो ‘कोल्ड क्रीम’ या नावाने प्रसिद्ध झाला. केसांना लावायचे ‘पोमेड’ घ्या. या शब्दाच्या मुळाशी फळ आहे, सफरचंद आहे. १५९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन जेरार्डच्या वनस्पतिग्रंथात सफरचंदाचा गर, डुकराची चरबी आणि गुलाबपाणी यांच्यापासून चेहऱ्यासाठी करायच्या लेपाचा उल्लेख आहे आणि सफरचंदांवरूनच त्याला ‘पोमेटम’ म्हणतात हेही सांगितले आहे. फळ पुढे लेपातून नाहीसे झाले. शब्दात तेवढे राहिले. आज फळाच्या आकाराची त्वचेची वडी करणारा माणूस नकळत त्या शब्दाची व्युत्पत्तीच साच्यात ओतत असतो.

या इतिहासातील निर्णायक वळण कोकोच्या बीपाशी येते. १८२८ साली हॉलंडमधील व्हान हौटेन यांनी कोकोच्या बियांतील स्निग्धांश दाबाने वेगळा काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पेयासाठी कमी चरबीची भुकटी मिळावी हा हेतू. पण त्यामुळे कोकोबटर हे एक स्वतंत्र द्रव्य म्हणून उपलब्ध झाले. १८४७ साली ब्रिस्टल येथील फ्राय यांच्या कारखान्याने तेच कोकोबटर कोको आणि साखरेत मिसळून साच्यात घालता येणारे, चावून खाण्याचे चॉकलेट केले. दुसरीकडे औषधविक्रेते याच कोकोबटरचा उपयोग ओठांच्या मलमासाठी आणि औषधी वर्ती घडवण्यासाठी करू लागले. एकच चरबी, दोन साचे. यामागचे कारण साधे आहे. कोकोबटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते. कपाटात ते घट्ट राहते, देहाच्या उबेने विरघळते. जीभ आणि तळहात दोन्ही त्या एकाच देहाचे. ‘तोंडात विरघळणारे’ आणि ‘त्वचेत मुरणारे’ ही जाहिरातींतली दोन विशेषणे मुळात एकाच गुणाची दोन नावे आहेत.

आता आपल्या किनाऱ्याकडे यावे, कारण या कथेतील सर्वांत अर्थपूर्ण वस्तू कोकणात आहे. रातांब्याच्या सालीचे आमसूल होते हे सर्वांना ठाऊक असते. बियांचे काय होते हे कोकणाबाहेर फारसे ठाऊक नसते. बिया उन्हात कडकडीत वाळवायच्या, कवच फोडून आतला गर काढायचा, तो कुटून पाण्यात उकळायचा. वर येणारा तवंग निवला की थिजतो. तो गोळा करून हाताने वळायचा. हेच कोकमतेल, भिरंडेल किंवा मुठेल. शेवटच्या नावात तर वळणारी मूठच ऐकू येते. फ्लूकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ सालच्या औषधिद्रव्यांवरील ग्रंथात या तेलाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. बाजारात ते अंड्याच्या किंवा लांबट आकाराच्या, सुमारे चार इंच लांबीच्या गोळ्यांत मिळते, अशी नोंद त्यात आहे.

थंडीत टाचांना भेगा पडल्या, ओठ फुटले की या गोळ्याचा तुकडा किंचित गरम करून लावायचा, ही कोकणातली जुनी रीत. त्याच तेलाचा स्वयंपाकातही उपयोग होत असे. कोकमतेल साधारण ३८ ते ४० अंशांना वितळते, त्यामुळे दमट उकाड्यातही त्याचा गोळा मोडत नाही. त्यातील मेदाम्लांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा स्टिअरिक आणि ओलेइक या दोन आम्लांचा असतो. हीच दोन आम्ले कोकोबटरमध्येही मोठ्या प्रमाणात असतात आणि म्हणूनच या दोन चरबींचे स्वभाव जुळतात. हे साधर्म्य पुढे कायद्यानेही मान्य केले. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशाने कोकोबटरखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य चरबी चॉकलेटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत वापरण्यास मुभा दिली, त्यांत कोकम आहे. आंब्याची कोय आणि सालवृक्षाचे बीही आहे. म्हणजे कोकणातील आजीच्या फडताळात भेगांसाठी ठेवलेला ओबडधोबड गोळा द्रव्याच्या नात्याने चॉकलेटचा सख्खा चुलतभाऊ ठरतो. मात्र तो कधीही चॉकलेटसारखा दिसला नाही. तो खाण्याजोगा होता आणि खाऊसारखा दिसत नव्हता.

फारकत झाली ती कारखान्याने. १९१९ साली मुंबईत पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला. काचेच्या डबीतले ते पांढरे क्रीम पुढे इतके रुळले की ‘स्नो-पावडर’ हा मराठीत नटण्यामुरडण्याला पर्यायी शब्दच होऊन बसला. डबी आणि नळी यांनी लेपाचा आकार काढून घेतला. डबीतल्या क्रीमला स्वतःचे रूप नसते. त्याला नाव असते, झाकण असते, जाहिरात असते. चुलीशी असलेला त्याचा संबंध तुटला आणि त्याबरोबर घरातल्या बाईच्या हाती असलेले एक ज्ञानही गेले. कोणती चरबी कोणत्या ऋतूत थिजते, मेण किती घातले म्हणजे गोळा बोटाखाली नरम राहतो, वास केव्हा खवट होतो, हे ज्ञान पाककृतीचे की औषधाचे, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

आजची घरगुती वडी या ज्ञानाकडे परतण्याची खटपट आहे आणि तेवढ्यापुरती ती स्वागतार्ह आहे. मेण, घट्ट चरबी आणि तेल वजनाने समभाग घ्यायचे, हे तिचे सर्वपरिचित प्रमाण. भांडे थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या भांड्यात धरून मिश्रण वितळवायचे. मेण सुमारे ६२ ते ६४ अंशांना वितळत असल्याने वडीला कणा त्याचाच. विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी ते थोडे वाढवावे लागते. पाण्याचा थेंबही नसल्यामुळे जंतूंना थारा मिळत नाही, खवटपणा तेवढा सांभाळावा लागतो. ही वडी त्वचेला पाणी देत नाही; त्वचेतले पाणी उडून जाऊ नये म्हणून वर पातळ थर धरते. मिश्रण हळूहळू निवले तर वडी रवाळ होते. लाडवात आणि तुपात ज्या शब्दाने आपण दाद देतो, तोच शब्द येथे दोष होतो. एकाच गुणाचे मोल जागा बदलली की कसे फिरते, याचा हा छोटासा पाठ.

खरा प्रश्न निर्माण होतो तो साच्यापाशी. ओलावा टिकवण्यासाठी वडीला पेढ्याचे रूप आवश्यक नसते. ते रूप आनंदासाठी येते. बघणाऱ्याने ‘अगदी पेढाच!’ म्हणावे, आणि तो पेढा नाही हे त्याला ठाऊक असावे, यात ती गंमत आहे. म्हणजे जाणत्या माणसाच्या लेखी हे रूपक आहे. उपमेय आणि उपमान यांचा अभेद त्याने क्षणभर मान्य केलेला असतो, भेद मनात जागा ठेवून. पण दोन-अडीच वर्षांच्या मुलापुढे तीच वडी ठेवली तर अलंकार बदलतो. मुलाला साम्य दिसते, भेद दिसत नाही. तो भ्रांतिमान होतो. काव्यात भ्रांतिमान रम्य असतो, कारण तेथे फसणारा चकोर किंवा भ्रमर असतो आणि वाचक सुरक्षित असतो. घरात फसणारा आणि भोगणारा एकच असतो. वडीत सुगंधी अर्क, रंग, कापूर असेल तर फसवणूक केवळ चवीवर थांबत नाही. कापूर पोटात जाणे लहान मुलांना घातक ठरू शकते. निव्वळ मेण-तुपाची वडीही घशात अडकू शकते.

हा भेद युरोपातील कायद्याला बराच आधी जाणवला. जी वस्तू अन्न नाही, पण आकार, वास, रंग किंवा वेष्टन यांमुळे अन्न वाटून तोंडात घातली जाईल आणि त्यातून अपाय संभवेल, तिला मनाई करणारा निर्देश तेथे १९८७ साली निघाला. २०२२ साली लक्झेंबर्ग येथील न्यायालयापुढे लिथुआनियातून एक प्रकरण आले. वस्तू होती स्नानाच्या पाण्यात विरघळणारे, खाऊसारखे दिसणारे गोळे. तोंडात घातल्यास धोका होतोच, हे वस्तुनिष्ठ आकडेवारीने सिद्ध करणे आवश्यक नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण त्याचबरोबर, दिसते खाऊसारखे म्हणून धोकादायक, असे सरसकट गृहीत न धरता प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र विचार केला पाहिजे, असेही बजावले. पुढे जुना निर्देश रद्द होऊन १३ डिसेंबर २०२४ पासून उत्पादनांच्या सुरक्षिततेचा सर्वसाधारण नियम तेथे लागू झाला आणि अन्नाच्या नकलेचा विचार त्यात सामावला गेला. न्यायमूर्तींनी अलंकारशास्त्र वाचले नसेल. तरी रूपक कोठे संपते आणि भ्रांतिमान कोठे सुरू होतो, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे वेष्टनावर ‘खाण्यासाठी नाही’ असे छापणे. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त भ्रांतापह्नुती नावाचा एक प्रकार आहे: दुसऱ्याला झालेला भ्रम खरे ते सांगून दूर करणे. वेष्टनावरची ती ओळ म्हणजे नेमकी भ्रांतापह्नुती. तिची मर्यादाही उघड आहे. ती फक्त साक्षराला वाचवते, आणि येथे भ्रम होतो तो निरक्षराला.

तेव्हा घरी वडी करणाऱ्याने साचा निवडताना घरात कोण राहते याचा विचार आधी करावा, एवढेच सुचवावेसे वाटते. मूल नसलेल्या घरात मोदकाची गंमत निर्धोक आहे. मूल असलेल्या घरात दुसरा आकार आपल्या परंपरेत आयताच उपलब्ध आहे: मुठीत निवलेल्या गोळ्याचा, वळणाऱ्या बोटांचे ठसे मिरवणारा. तो कोणत्याच मिठाईची नक्कल करत नाही. ज्या हाताने तो केला त्या हाताचेच माप त्याला असते, आणि ज्या हाताला तो लावायचा त्याच्यात तो नीट मावतो.