औटकी : शब्दात दडलेले गणित

'औट घटकेचे राज्य' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. पण औट म्हणजे साडेतीन, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते? संस्कृत 'अर्धचतुर्थ' प्राकृतातून मराठीत 'औट' झाला : चौथा अर्धा, म्हणजेच साडेतीन. सोळा आण्यांच्या रुपयाच्या काळी मराठी शाळांत पावकी, निमकी, दिडकीबरोबर औटकीही घोकून घेत. १४ची औटकी ४९. घोकणाऱ्याला उत्तर मिळे. रीत मात्र शब्दातच होती. १४ची चौपट ५६, त्यातून निम्मे ७ वजा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि औटकीची व्यावहारिक गरज ओसरली. घोकंपट्टी गेली याचे दुःख नको. पण संख्या मनातल्या मनात फोडण्याची युक्ती भाषेनेच जपली होती, हे मुलांना सांगायला गणिताच्या तासाचीच वाट का पाहावी?