‘येऊ नका’ म्हणणं आणि पासबुक देणं

बायांनो, 2014 साली ऑस्ट्रेलिया सरकारनं इंटरनेटवर चित्रफीत टाकली: व्हिसाशिवाय बोटीनं आलात तर हा देश तुमचं घर होणार नाही. भीती घातली; माणूस घर का सोडतो, ते विचारलं नाही. आपल्याला ते ठाऊक आहे. उचल अंगावर असते, म्हणून मोलगीहून बारडोलीकडं ऊस तोडायला जावं लागतं. ते जाणं काही बेकायदा नाही. म्हणून 1979 च्या कायद्यानं मजुराला अडवलं नाही, ठेकेदाराला बांधलं. तो कायदा लागू होता तेव्हा परराज्यात नेलेल्या प्रत्येक मजुराला फोटोचं पासबुक द्यावं लागायचं, त्याच्या भाषेतही. मजुरीचा दर, कपात त्यात लिहावी लागायची. प्रत्येकाला, म्हणजे बाईलाही वेगळं. आणि फडावर? नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब मुकादमाच्या वहीत, उचल नवऱ्याच्या नावावर.