31 क्लब, 11 देश आणि एक पेनल्टी : फुटबॉलमधला सगळ्यात मोठा भटक्या 'लोको' अब्रेऊ

समजा एखाद्या पोराने सव्वीस वर्षांत 31 नोकऱ्या बदलल्या. त्याचं स्थळ घेऊन कुणी आलं तर मुलीकडचे चहा संपायच्या आत विषय बदलतील. "एका ठिकाणी टिकतच नाही हो," हा शेरा तर ठरलेलाच.

फुटबॉलमध्ये असा एक माणूस खरंच होऊन गेला. उरुग्वेचा सेबास्तियन अब्रेऊ. 31 क्लब, 11 देश, नाव थेट गिनीज बुकात. तरीही त्याच्या देशात त्याला कुणी 'न टिकणारा' म्हणून ओळखत नाही. तिथे त्याची ओळख एका पेनल्टीमुळे आहे. त्या पेनल्टीकडे येऊच, पण आधी हा गडी इतका का फिरला ते समजून घेऊ. कारण त्यात त्याच्या स्वभावाइतकाच फुटबॉलच्या धंद्याचाही हात आहे.

कोण हा अब्रेऊ?

जन्म 17 ऑक्टोबर 1976 चा, उरुग्वेतल्या मिनास नावाच्या छोट्या शहरातला. उंची 1.93 मीटर, म्हणजे सहा फूट चार इंच. लहानपणी बास्केटबॉलही खेळायचा. पुढे फुटबॉलमध्ये स्ट्रायकर झाला, म्हणजे सगळ्यात पुढे उभं राहून गोल करायचे हे त्याचं काम. उंचीमुळे हेडरवर हुकूमत होती.

टोपणनाव 'एल लोको'. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ 'वेडा'. पाठीवर 13 नंबर. लोक ज्या आकड्याला घाबरतात तो त्याने हौसेने मिरवला.

सुरुवात माँटेव्हिडिओच्या डिफेन्सर स्पोर्टिंगमधून झाली. तिथून तो अर्जेंटिनाच्या सॅन लोरेन्सोत गेला आणि तिथले गोल पाहून स्पेनच्या डेपोर्तिवो ला कोरुन्याने त्याला 1998 च्या सुरुवातीला विकत घेतलं. वय 21. युरोपातला मोठा क्लब. आता गडी सेट झाला, असंच कुणालाही वाटलं असतं.

मालक एक, मैदान भलतंच

पण डेपोर्तिवोत त्याचा जम बसला नाही. मग क्लबने त्याला 'लोन'वर द्यायला सुरुवात केली.

लोन म्हणजे काय? खेळाडूचा करार मूळ क्लबकडेच राहतो, पण ठरावीक काळासाठी तो दुसऱ्या क्लबकडून खेळतो. पगार कुणी किती द्यायचा हे दोन क्लब आपसात ठरवतात. शेतकरी गावात ट्रॅक्टर भाड्याने देतो तसंच, फक्त इथे ट्रॅक्टरला घर-संसार असतो.

ब्राझीलचा ग्रेमिओ, मेक्सिकोचा टेकोस, परत सॅन लोरेन्सो, मग उरुग्वेचा नॅसिओनाल, मग मेक्सिकोचा क्रुझ असुल. कागदावर मालक डेपोर्तिवो आणि अब्रेऊ मात्र अटलांटिकच्या पलीकडे. यातली बोचणारी गोष्ट अशी की डेपोर्तिवोने 1999-2000 च्या हंगामात स्पेनची ला लीगा जिंकली. क्लबच्या इतिहासातलं हे एकमेव ला लीगा विजेतेपद. तेव्हा अब्रेऊ मेक्सिकोत खेळत होता.

पण लोनवरचा खेळाडू म्हणजे टाकाऊ माल, असं समजू नका. सॅन लोरेन्सोने 2001 ची क्लाउसुरा स्पर्धा जिंकली तेव्हा अब्रेऊ त्या संघात होता. 2002 मध्ये क्रुझ असुलकडून खेळताना त्याने एकाच स्पर्धेत 19 गोल केले आणि तो मेक्सिकन लीगचा टॉप स्कोरर ठरला.

दर सहा महिन्यांनी नवा डाव

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. युरोपात लीग साधारण नऊ-दहा महिने चालते आणि एकच चॅम्पियन ठरतो. पण मेक्सिकोत आणि त्या काळच्या अर्जेंटिनात वर्षाचे दोन भाग पडायचे. एक अपेर्तुरा, म्हणजे सुरुवातीची स्पर्धा. दुसरी क्लाउसुरा, म्हणजे शेवटची. दर सहा महिन्यांनी नवा चॅम्पियन.

याचा परिणाम काय होतो? क्लबला निकाल आत्ता हवा असतो. वीस वर्षांच्या पोराला घडवण्यापेक्षा तयार स्ट्रायकर सहा महिन्यांसाठी आणणं परवडतं. गोल झाले तर करार वाढवायचा, नाही झाले तर रामराम.

त्यातही स्ट्रायकरचं काम सगळ्यात 'पोर्टेबल'. बचावफळीला एकमेकांची सवय व्हायला वेळ लागतो. पण बॉक्समध्ये उभं राहून उंच चेंडूवर डोकं लावणं हे कौशल्य माँटेव्हिडिओत चालतं तसं मोंतेरेतही चालतं. एकट्या मेक्सिकोत अब्रेऊ सात क्लबांकडून खेळला : टेकोस, क्रुझ असुल, अमेरिका, डोराडोस, मोंतेरे, सॅन लुईस आणि तिग्रेस. डोराडोसमध्ये 2006 साली त्याच्यासोबत कोण होतं माहितीये? पेप गार्डिओला, आपल्या खेळाच्या कारकिर्दीतले शेवटचे महिने घालवत.

मग अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट, इस्रायलचा बेतार जेरुसलेम, स्पेनचा रिअल सोसिएदाद, ग्रीसचा एरिस. आणि 2010 मध्ये ब्राझीलचा बोटाफोगो.

ती पेनल्टी

2 जुलै 2010. जोहान्सबर्गचं सॉकर सिटी स्टेडियम. वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, उरुग्वे विरुद्ध घाना. आफ्रिकेतला एकही संघ तोवर सेमीफायनलला पोहोचला नव्हता, आणि घाना दारात उभा होता.

1-1 अशी बरोबरी. एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटच्या क्षणी लुईस सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला. रेड कार्ड, घानाला पेनल्टी. असामोआ ग्यानचा फटका क्रॉसबारला लागला आणि सामना शूटआउटमध्ये गेला.

अब्रेऊ 76 व्या मिनिटाला कवानीच्या जागी मैदानात आला होता. उरुग्वेची पाचवी आणि निर्णायक पेनल्टी त्याच्याकडे आली. स्कोअर 3-2. गोल झाला तर उरुग्वे थेट सेमीफायनलला. चुकला तर घानाला बरोबरीची संधी.

त्याने धाव घेतली. गोलकीपर किंग्सन एका बाजूला झेपावला. आणि अब्रेऊने चेंडूखाली हळूच पाय घालून तो गोलच्या मधोमध तरंगत सोडला.

या फटक्याला 'पनेन्का' म्हणतात. चेकोस्लोव्हाकियाच्या अंतोनिन पनेन्काने 1976 च्या युरो फायनलमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध तो मारला होता. अब्रेऊचा जन्मही त्याच वर्षीचा. हा फटका साधला तर हिरो. पण गोलकीपर जागचा हलला नाही तर आयुष्यभराचं हसं.

मग हा निव्वळ वेडेपणा होता का? तर नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माराकानावर फ्लेमेंगोविरुद्ध त्याने बोटाफोगोकडून अशीच पेनल्टी मारली होती आणि त्या सामन्यात बोटाफोगोने रिओची राज्य स्पर्धा खिशात घातली होती. म्हणजे जगाने जे जुलैत पाहिलं ते रिओने एप्रिलमध्येच पाहिलं होतं.

1970 नंतर पहिल्यांदाच उरुग्वे सेमीफायनलला गेला. पुढच्या वर्षी कोपा अमेरिका जिंकणाऱ्या संघातही अब्रेऊ होता. देशासाठी त्याचा हिशेब 70 सामने, 26 गोल.

मुंबईशी कनेक्शन

त्या शूटआउटमध्ये उरुग्वेची पहिली पेनल्टी मारणारा दिएगो फोर्लान 2016 मध्ये आपल्या मुंबई सिटी एफसीकडून आयएसएल खेळला. अंधेरीच्या मैदानावर केरला ब्लास्टर्सविरुद्ध त्याने हॅटट्रिकही केली. आणि ज्याची पेनल्टी क्रॉसबारला लागली तो असामोआ ग्यान 2019 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला. अब्रेऊ भारतात खेळला नाही, पण त्याला देशोदेशी फिरवणारा बाजार आपल्यापर्यंत असा पोहोचला.

शेवटचे क्लब : गरज की रेकॉर्ड?

पस्तिशीनंतर क्लब लहान होत गेले आणि मुक्काम छोटे. इक्वेडोर, पॅराग्वे, एल साल्वाडोर, चिली. एकट्या 2017 मध्ये ब्राझीलचा बांगू, उरुग्वेचा सेंट्रल एस्पान्योल आणि चिलीचा पुएर्तो माँट. त्या डिसेंबरमध्ये चिलीच्या ऑडॅक्स इटालियानोशी करार झाला. हा 26 वा क्लब. जर्मन गोलकीपर लुट्झ फानेनश्टीलचा 25 क्लबांचा विक्रम मोडला.

टीका करायला इथे जागा आहेच. शेवटी शेवटी खेळापेक्षा आकडा मोठा झाला, असं कुणी म्हटलं तर ते अगदीच चूक नाही. पण धंद्याचं गणित इथेही आहे. ब्राझीलमध्ये वर्षाच्या सुरुवातीला राज्यांच्या स्पर्धा होतात. छोट्या क्लबांसाठी तीच कमाईची आणि चर्चेत राहायची वेळ. तीन-चार महिन्यांसाठी नावाजलेला स्ट्रायकर आणला की तिकिटं खपतात, टीव्हीवर नाव येतं. बांगू, रिओ ब्रँको आणि अ‍ॅथलेटिक या तिन्ही क्लबांनी त्याला घेतलं ते अशाच स्पर्धांसाठी.

जून 2021 मध्ये माँटेव्हिडिओच्या सुद अमेरिकाकडून खेळून त्याने निवृत्ती घेतली. वय 44.

आज असा खेळाडू होईल का?

अवघड आहे. फिफाच्या नियमानुसार खेळाडूची एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, आणि अधिकृत सामने साधारणपणे दोघांकडूनच खेळता येतात. 2022 पासून आंतरराष्ट्रीय लोनवरही बंधनं आली. एका वेळचं लोन जास्तीत जास्त एक वर्षाचं, आणि क्लब किती खेळाडू असे बाहेर देऊ शकतो यालाही मर्यादा. एकाच क्लबच्या नावावर राहून वर्षानुवर्षं परदेशात फिरणं आता तितकं सोपं राहिलेलं नाही.

आणि न टिकण्याचं म्हणाल, तर या सगळ्या भटकंतीत एका क्लबकडे तो परत परत येत राहिला. माँटेव्हिडिओचा नॅसिओनाल. बाहेर काही जमलं नाही की तिथे, काही जिंकून आला तरी तिथेच. तो प्रशिक्षकही झाला आणि 2024 मध्ये मेक्सिकोच्या डोराडोसने त्याला संघ सांभाळायला बोलावलं. ज्या क्लबमध्ये अठरा वर्षांपूर्वी तो गार्डिओलासोबत खेळला होता, तोच हा क्लब. 31 ठिकाणं सोडलेल्या माणसाला जुन्या ठिकाणाहून पुन्हा बोलावणं येतं, यावरून त्याने ती कशी सोडली असतील याचा अंदाज तुम्हीच लावा.