सूर्यास्तानंतरचा पगार

'ओव्हरटाइम' हा शब्द गिरणगावाने मराठीच करून टाकला. त्याला प्रतिशब्द शोधण्याची गरज कुणाला भासली नाही. पण जादा काम म्हणायचे, तर नेहमीचे काम कोठे संपते हे आधी ठरलेले असावे लागते. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या बाबतीत नेमके तेच फार काळ ठरलेले नव्हते.

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार. या मागण्या आम्ही वर्गात वाचून दाखवितो, तेव्हा जादा तासांचा मोबदला यात कसा नाही, असे कुणीतरी विचारतेच. दिवसाची हद्दच येथे सूर्यावर सोपविलेली आहे. घड्याळ मालकाचे होते. सूर्य तरी त्याच्या मालकीचा नव्हता!

विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तीही हद्द गेली. १८८१ च्या कायद्याने मुलांचे, १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे तास बांधले होते. कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाला बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ मध्ये. १९१९ च्या वॉशिंग्टन कराराने जादा तासाला किमान सव्वापट दर सांगितला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ५९ ने दिवसाच्या नऊ किंवा आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांपलीकडील कामाला दुप्पट दर दिला.

एप्रिल २०२० मध्ये महामारीचे कारण देऊन गुजरात सरकारने बारा तासांचा दिवस मान्य केला आणि जादा तासांना साधाच दर पुरे मानला. गुजरात मजदूर सभा न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, शिवाय तेवढ्या काळातील जादा वेतन कलम ५९ प्रमाणे देण्याचा आदेश दिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू आहेत. दुप्पट दर त्यांतही आहे, थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. मात्र तास मोजायचे हजेरीपटावरून, आणि हजेरीपट ठेवणार तो, ज्याच्याकडून येणे आहे. जवळच्या औद्योगिक वसाहतीत लागलेले आमचे काही माजी विद्यार्थी बारा तासांनी सुटतात. पटावर आठ लिहिले जातात. त्यांच्यातील एकाने खिशात छोटी वही ठेवली आहे. आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ तो तीत रोज टिपतो.