रिकाम्या तळघराची वही

जॉर्ज सेंट्सबरी हे नाव इंग्रजी साहित्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना ओळखीचे असेल. १८९५ ते १९१५ अशी वीस वर्षे ते एडिंबरा विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. समीक्षेचा इतिहास तीन खंडांत, इंग्रजी छंदांचा इतिहास आणखी तीन खंडांत, असा त्यांचा पसारा. हे खंड आता ग्रंथालयाच्या कपाटातून क्वचितच बाहेर निघतात. वाचकांच्या हातात राहिले ते वेगळेच पुस्तक, १९२० साली प्रसिद्ध झालेले ‘नोट्स ऑन अ सेलर-बुक’. वाइनवर लिहिणारे आजही ज्याचा आदराने उल्लेख करतात, असे हे छोटेखानी पुस्तक एका घरगुती वहीतून निघाले.

वाइन साठवण्याच्या तळघराची नोंदवही इंग्रज गृहस्थाच्या घरी असे. सेंट्सबरींची वही शाळेतल्या वहीसारखी साधीच होती. काय विकत घेतले, किती घेतले, काय भाव पडला, याच्या त्यात नोंदी. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला ज्या वह्यांची पूजा होते, त्याच जातकुळीतली ही वही. पुस्तकातही त्यांनी किमती झाकून ठेवल्या नाहीत. आपण स्वतः प्यायलो त्याबद्दलच लिहायचे, हा त्यांचा दंडक होता.

हा किमतीचा हिशेब का, ते त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की कळते. जन्म १८४५चा, साउथहॅम्प्टनचा. वडील तिथल्या गोदीत अधिकारी. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात शिक्षण झाले, पण फेलोशिप मिळाली नाही. मग गर्न्सी बेटावर सहा वर्षे शाळामास्तरकी, स्कॉटलंडमधल्या एल्गिनला दोन वर्षे, आणि त्यानंतर लंडनमध्ये वृत्तपत्री लेखन. प्राध्यापकपद मिळाले तेव्हा पन्नाशी आली होती. वडिलोपार्जित तळघर असलेला हा उमराव नव्हता. पगारावर आणि लेखांच्या मानधनावर बाटली-बाटली जमवणारा हा मध्यमवर्गीय माणूस होता.

असा मध्यमवर्गीय फ्रेंच वाइन पिऊ शकला, यामागे एक अर्थमंत्री आहे. अठराव्या शतकभर इंग्लंडने फ्रेंच वाइनवर जबर जकात ठेवली आणि पोर्तुगालच्या वाइनला सवलत दिली, म्हणून इंग्रजांच्या जेवणानंतर पोर्टच यायची. १८६० साली इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करार झाला. त्याच सुमारास ग्लॅडस्टन यांनी अर्थसंकल्पातून वाइनवरची जकात मोठ्या प्रमाणात उतरवली. किराणा दुकानदारांनाही बाटलीबंद वाइन विकण्याचे परवाने मिळू लागले. क्लॅरेट, म्हणजे बोर्दोची तांबडी वाइन, साध्या पगारदाराच्या टेबलावर आली. सेंट्सबरी कट्टर टोरी; ग्लॅडस्टन यांच्यावर त्यांचा मनस्वी राग. पण ज्या तळघराचा त्यांना एवढा अभिमान, ते ग्लॅडस्टन यांच्याच धोरणामुळे भरले होते.

वहीचे दुसरे मोल तिच्या काळात आहे. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने ऱ्होन नदीच्या दक्षिण खोऱ्यात द्राक्षवेलींची मुळे खायला सुरुवात केली. पुढच्या दोन-तीन दशकांत फ्रान्समधले बहुतेक मळे उजाड झाले. उपाय सापडला तो अमेरिकन वेलीच्या मुळांवर फ्रेंच वेलीचे कलम करण्याचा. सेंट्सबरी जमवत होते त्या काळात किडीच्या आधीच्या बाटल्या अजून मिळत होत्या. त्याच ऱ्होन खोऱ्यातल्या हर्मिटेज टेकडीवरची १८४६ची तांबडी वाइन त्यांनी प्यायली, तेव्हा ती सुमारे चाळीस वर्षांची होती. फ्रेंच वाइनमध्ये इतकी मर्दानी वाइन आपण दुसरी प्यायलो नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला. हे वाक्य पुढे फार गाजले. इतिहासाच्या दृष्टीने ती एका गेलेल्या शेतीची साक्ष आहे. पुढे लावलेल्या मळ्यांची वाइन चांगली असेल, पण जुन्या मुळांवरच्या वेली तिथून बहुतांशी गेल्या होत्या.

त्यांच्या आवडीनिवडीही एकमार्गी नव्हत्या. शेरी, पोर्ट, बर्गंडी यांच्याबरोबर बिअर, सायडर, रम आणि व्हिस्की यांनाही पुस्तकात जागा आहे. महाग तेच चांगले, हा गंड त्यांच्यात दिसत नाही.

आता दुसरी बाजू. पुस्तक आले त्याच वर्षी, जानेवारीत, अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी लागू झाली होती. सेंट्सबरींनी दारूबंदीवाल्यांची मनसोक्त टवाळी केली आहे. माफक पिणाऱ्याच्या स्वातंत्र्याबद्दल त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. पण आठवड्याचा पगार गुत्त्यात संपवून घरी येणारा नवरा आणि त्याची वाट पाहणारी बायको यांच्या अनुभवातून ती चळवळ उभी राहिली होती. तिकडे त्यांनी पाहिले नाही. स्वतः प्यायलो तेवढेच लिहायचे, हा दंडक चवीच्या बाबतीत त्यांचे बळ होता. समाजाच्या बाबतीत तीच त्यांची मर्यादा ठरली.

या टवाळीमागे एक खासगी दुःख होते, हेही विसरता येत नाही. निवृत्तीनंतर एडिंबरा सोडताना तळघर मोडले, ग्रंथसंग्रहही गेला. बाथ गावी रॉयल क्रेसेंटमध्ये ते राहू लागले. म्हातारपण आणि दुखणी यांमुळे पूर्वीचे पिणे आता शक्य नव्हते. वाइनचा रीतसर इतिहास लिहिण्याचा बेतही त्यांनी सोडून दिला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी जुनी वही उघडली आणि संपलेल्या बाटल्यांवर लिहिले.

१९३१ साली आंद्रे सिमों आणि त्यांच्या मित्रांनी सेंट्सबरींच्या नावाने भोजनमंडळ काढले. ते आजही चालू आहे. ज्यांच्या नावाने ते भरत होते, ते स्वतः मात्र एकदाही तिथे जेवायला गेले नाहीत. जानेवारी १९३३मध्ये बाथलाच त्यांचे निधन झाले.

आपले चरित्र कुणी लिहू नये, अशी त्यांची इच्छा होती. अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर ते लिहिले गेलेच. पण हा गृहस्थ कोणाबरोबर जेवला, कशावर पैसे खर्च केले, कशावर रागावला, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने आधी वहीवरचे ते पुस्तक उघडावे. तिथे त्यांनी स्वतःच सगळे नोंदून ठेवले आहे, भावासकट.