अनुशेषाचा पैसा आणि माणदेशाची तहान

श्रोतेहो, पाटाचे पाणी वाटताना आधी पाळी ठरते; मग मधेच कोणी पाट फोडत नाही ना, यावर पाटकरी नजर ठेवतो. राज्याच्या पैशालाही ही दोन्ही कामे लागतात.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाट्याचे वचन मिळाले. १९५६ साली घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद झाली. पण वाटा मोजायचा कसा? त्यासाठी १९८३ मध्ये समिती नेमली गेली. अध्यक्ष होते जन्माने सातारकर असलेले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. राज्याच्या सरासरीहून जिल्हा जितका मागे, तितका त्याचा 'अनुशेष', असा हिशेब समितीने १९८४ मध्ये मांडला. तो भरला सुमारे ३,१८७ कोटी रुपये.

आता आपला सातारा घ्या. एकीकडे महाबळेश्वरचा धो धो पाऊस आणि कऱ्हाडची भिजलेली शेते. दुसरीकडे माण-खटावचे माळ. सांगलीतही वाळव्याचा ऊस वेगळा, जत-आटपाडीची कुसळे वेगळी. जिल्ह्याची सरासरी काढली की दहिवडीचे आडही भरतात, पण कागदावर!

१९९४ मध्ये मंडळे आली, निधीवाटपाचे निर्देश राज्यपालांच्या हाती गेले. आपण 'उर्वरित महाराष्ट्रात' मोडलो. कृष्णा खोऱ्याकडे पैसा वळतो, ही विदर्भाची तक्रार. निर्देशांमुळे टेंभू-म्हैसाळ रखडले, ही आपली. विदर्भाचा हक्क खोटा नव्हता, अन् जतची तहानही खोटी नव्हती. अपुरी होती ती मोजपट्टी. म्हणूनच केळकर समितीने २०१३ मध्ये तालुका हा घटक धरण्यावर भर दिला.

युरोपलाही हेच कोडे पडले. तिथे १९७५ मध्ये प्रादेशिक विकास निधी निघाला. सरकारे तो पैसा घेऊन आपला हात आखडता घेऊ लागली, तेव्हा १९८८ च्या सुधारणेत दंडक कडक झाला: हा पैसा स्वतःच्या खर्चाच्या जागी नव्हे, त्यावर भर म्हणून वापरावा.

आपल्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पाटकरी गेला, म्हणून आपली नजर तरी हटू नये. गुरुजींनो, जिल्हा योजनेतले आपल्या तालुक्याचे आकडे मुलांकडून फळ्यावर मांडून घ्या. गावकऱ्यांनो, ग्रामसभेत विचारा: मंजूर किती, आले किती, आणि कुठे लागले?